डॅकमधून गुणगुण, चिरचिर किंवा टकटक ऐकू येत असल्यास : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्या यूएसबी डॅकचा (संगणकातील डिजिटल ध्वनीचे अ‍ॅनालॉग विद्युत संकेतात रूपांतर करणाऱ्या पेटीचा) आवाज बिघडला की पहिला संशय त्या छोट्या पेटीवर जातो, आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु ही पेटी वीज संगणकाकडून घेते आणि केबलने अ‍ॅम्प्लिफायरलाही जोडलेली असते. त्यामुळे दोष बाहेरून आत शिरण्याच्या वाटा बऱ्याच आहेत. म्हणून स्क्रू काढण्यापूर्वी त्रासदायक आवाज नेमका कसा आहे, हे आपण शांतपणे ऐकून घ्यावे, अशी विनंती आहे.

खालच्या पट्टीतली, एकाच सुरात चालणारी गुणगुण बहुधा ग्राउंड लूपची असते. संगणक आणि अ‍ॅम्प्लिफायर अर्थिंगने जोडलेले असतात, ऑडिओ केबलची बाहेरची जाळीही त्यांनाच पुन्हा जोडते, आणि अशा बंद वेढ्यातून वाहणारा किंचित प्रवाह ५० किंवा ६० हर्ट्‌झ आणि त्यांच्या पटीतल्या सुरांत ऐकू येतो. लॅपटॉप असेल, तर चार्जर काढून तो बॅटरीवर चालवून पाहावा. गुणगुण थांबली, तर पेटी निर्दोष आहे असे समजण्यास हरकत नाही. दोन्ही उपकरणे एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लावल्याने ती बरीच कमी होते. न झाल्यास ऑडिओ केबलच्या मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (तारांचा थेट जोड तोडून फक्त ध्वनीचा संकेत पुढे नेणारा) बसवावा. प्लगची अर्थिंगची पिन मात्र कधीही काढू नये, कारण बिघाड झाल्यास उपकरणाच्या धातूच्या कवचात वीज उतरू शकते आणि त्यात जीव जाऊ शकतो.

माउस हलवताना चिरचिर येत असेल, तर ती संगणकाच्या ५ व्होल्ट पुरवठ्यातून किंवा ग्राउंडमधून आलेली असते. पोर्ट बदलून पाहावा किंवा स्वतंत्र अडॅप्टर असलेला हब वापरावा. यूएसबी आयसोलेटर (संगणक आणि डॅक यांचा थेट विद्युत जोड तोडणारे उपकरण) घ्यायचा झाल्यास त्याचा वेग आधी पाहावा: स्वस्त आयसोलेटर सेकंदाला १२ मेगाबिटपर्यंतच चालतात, आणि त्यांच्यामागे हायस्पीड डॅक कमी सॅम्पल रेटवर (सेकंदाला ध्वनीच्या कमी नमुन्यांवर) उतरतो किंवा संगणकाला दिसतच नाही.

गाणे मध्येच तुटत असेल किंवा टकटक होत असेल, तर माहिती वेळेवर पोहोचत नाही असे समजावे. यूएसबीवरून ध्वनी ज्या पद्धतीने जातो, तिच्यात हरवलेला तुकडा पुन्हा पाठवला जात नाही, त्यामुळे प्रत्येक चूक थेट कानावर येते. अशा वेळी प्लेअरमधील बफर (आगाऊ साठवलेला ध्वनी) वाढवावा, यूएसबीची वीजबचत बंद करावी आणि हब वगळून केबल थेट संगणकाला लावावी. महागड्या केबलची गरज नाही; आखूड आणि धड केबल पुरते.

ऑप-अ‍ॅम्प (ध्वनीचा संकेत वाढवणारी छोटी चिप) बदलून पाहण्याची हौस असणाऱ्यांसाठी आम्ही तो मुद्दाम सॉकेटमध्ये बसवला आहे. मुळातला एनई५५३२ हा दुहेरी (एकाच चिपमध्ये दोन असलेला) ऑप-अ‍ॅम्प आहे. त्याच्या जागी ओपीए२१३४ सारखा दुहेरीच बसवावा, कारण एकेरीच्या पिनांची रचना वेगळी असते. केबल काढून, चिपवरची खाच सॉकेटच्या खाचेशी जुळवूनच चिप दाबावी. फार वेगवान ऑप-अ‍ॅम्प ऐकू न येणाऱ्या उच्च वारंवारतेवर स्वतःच कंप पावू (ऑसिलेट होऊ) लागतात. चिप अकारण तापू लागली, तर हीच शंका घ्यावी आणि पुरवठ्याच्या पिनांलगत ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर असल्याची खात्री करावी. एवढे करून आवाजात मोठा फरक पडेल, असे मात्र आम्ही सांगणार नाही. एनई५५३२ चांगला आहे, आणि दोन चिपांची तुलना आवाजाची पातळी मोजून समान केल्याशिवाय विश्वासार्ह ठरत नाही, कारण किंचित मोठा आवाज बहुधा अधिक चांगला वाटतो.

चिप बदलल्यावर हेडफोन लावण्याआधी, काहीही वाजत नसताना, मल्टिमीटरने दोन्ही बाजूंच्या आउटपुटवर डीसी व्होल्टेज मोजावे. ते काही मिलिव्होल्ट असल्यास चिंता नाही. त्याहून बरेच जास्त दिसल्यास हेडफोन न लावता मूळची चिप परत बसवावी आणि पुन्हा मोजावे. तरीही आकडा उतरला नाही, तर दोन्ही मोजमापे कागदावर लिहून पेटीसोबत आमच्याकडे पाठवावीत.