पार्श्वभूमी : मतदार यादी आणि झेडपीच्या शाळेचा पैसा

विदर्भातल्या खेड्यांत ग्रामसभा तापते ती बहुधा दोन विषयांवर. एक मतदार यादी : कोणाचं नाव दुबार आहे, कोणी दहा वर्षांपासून पुण्याला राहतो तरी यादीत कायम, कोणाच्या सुनेचं नाव अर्ज देऊनही चढलं नाही. दुसरा शाळा : स्लॅब गळतो, कंपाउंड अर्धवट आहे, ‘मास्तर कवा भेटन?’ विषयपत्रिकेवर या दोन्ही बाबी वेगळ्या असतात. प्रत्यक्षात यादीचं काम करणारा बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) अनेक गावांत त्याच शाळेचा गुरुजी असतो, मतदान त्याच गळक्या खोलीत होतं, आणि ती खोली ज्या झेडपीच्या मालकीची, तिची निवडणूकच वर्षानुवर्षं लटकलेली असते.

गावच्या शाळेचा खर्च कोणी उचलायचा, हा वाद इथे स्वातंत्र्याच्याही आधीचा आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. मुलांनी शाळेत हातउद्योग शिकावा आणि त्या उत्पन्नातून शिक्षकाचा पगार निघावा, ही गांधीजींची कल्पना तिथे मांडली गेली. पुढे झाकिर हुसेन समितीने तिचा अभ्यासक्रम बांधला. सूतकताईवर पगार निघेल हे तेव्हाही अनेकांना पटलं नव्हतं. त्याच सुमाराला मध्य प्रांत-वऱ्हाडात रविशंकर शुक्ल यांनी विद्यामंदिर योजना आणली. गावाने जमीन दान द्यायची आणि तिच्या उत्पन्नावर शाळा चालवायची. नावातल्या ‘मंदिर’ शब्दाला मुस्लिम समाजातून विरोध झाला, १९३९ मध्ये काँग्रेसची मंत्रिमंडळं गेली आणि योजना मागे पडली. दोन्ही प्रयोगांत गृहीत एकच होतं : सरकारकडे पैसा नाही, गावाने बघावं. २०१५ नंतर लोकवर्गणीतून ‘डिजिटल शाळा’ उभ्या करायची टूम निघाली, तेव्हा प्रोजेक्टरची पावती फाडणाऱ्या पालकांना हा इतिहास ठाऊक असायचं कारण नव्हतं.

१९४८ च्या कायद्याने तहसीलपातळीवर जनपद सभा (तेव्हाच्या स्थानिक स्वराज्य संस्था) आल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. विदर्भ १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला, तोवर हीच चौकट होती. ती बदलली वसंतराव नाईक समितीने. नाईक पुसद भागातले, म्हणजे यवतमाळ जिल्ह्यातले. पंचायत राज सुचवणाऱ्या केंद्राच्या बलवंतराय मेहता समितीचा भर गटपातळीवर होता. नाईक समितीने १९६१ मध्ये जिल्ह्याला झुकतं माप दिलं आणि आमदार-खासदारांना झेडपीबाहेर ठेवलं. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. तेव्हापासून मास्तरचा पगार राज्याच्या अनुदानातून, पण शाळा झेडपीची. आपल्या सर्कलमधून निवडून गेलेला सदस्य शिक्षण समितीत बसतो, सभेत शिक्षणाधिकाऱ्याला उभं करून विचारतो, अशी ती रचना.

निवडणूक वेळेवर झाली तरच ही रचना चालते, आणि ती तशी होत नाही हेही जुनंच आहे. १९७९ नंतर झेडपीची निवडणूक झाली ती थेट १९९२ ला. ७३ व्या घटनादुरुस्तीने १९९३ मध्ये पाच वर्षांची मुदत बंधनकारक केली आणि १९९४ मध्ये राज्य निवडणूक आयोग आला. आता असं पुन्हा होणार नाही, असा समज तेव्हा सार्वत्रिक होता.

या आयोगाकडे स्वतःची मतदार यादी मात्र नाही. विधानसभेची यादी घ्यायची, प्रभागनिहाय फोडायची आणि हरकती मागवायच्या. प्रभाग चुकला असेल तर दुरुस्ती होते. मूळ यादीत नसलेलं नाव इथे चढत नाही. पन्नास-साठ मतांनी निवडणूक ठरते अशा गावात पाच घरं एका वॉर्डातून दुसऱ्यात सरकली की पॅनलचं गणित कोसळतं, म्हणून भांडण यादीपाशी सुरू होतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुरा मतदारसंघात नव्या नावांसाठी हजारो ऑनलाइन अर्ज आले. त्यांतले सहा हजारांहून जास्त अर्ज प्रशासनाने बाद केले आणि पोलिसांत गुन्हा नोंदवला. पुढच्या वर्षी राहुल गांधींनी हे प्रकरण देशभर नेलं. नावं चढलीच नाहीत असं प्रशासनाचं म्हणणं. अर्ज कोणी भरले ते सांगा, असं काँग्रेसचं. डिसेंबर २०२४ मध्ये सोलापूरच्या मारकडवाडीने मतपत्रिकेवर फेरमतदानाचा घाट घातला होता, तोही पोलीस बंदोबस्तात थांबला. असे ठराव ग्रामसभेत येऊ शकतात, पण मतदान कशावर घ्यायचं हे ग्रामसभेच्या हातात नाही.

आता पैशाकडे. समग्र शिक्षा या केंद्र-राज्याच्या योजनेचं संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरतं : ३० पर्यंत पट असेल तर वर्षाला १० हजार, १०० पर्यंत २५ हजार. त्यात खडू, झाडू, किरकोळ दुरुस्ती, सगळं. मोठ्या दुरुस्तीला जिल्हा नियोजन समितीकडे जावं लागतं, नाहीतर झेडपीच्या सेस फंडाकडे, म्हणजे तिच्या स्वतःच्या उत्पन्नाकडे. जुनी खोली पाडायची तरी आधी निर्लेखनाची, म्हणजे ती वापरातून अधिकृतपणे काढून टाकण्याची, मंजुरी लागते; ती येईपर्यंत दोन वर्ग व्हरांड्यात. लहान वस्त्यांच्या मुलखात पट कमीच राहणार. २०१७ मध्ये राज्याने दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा हलवायचं ठरवलं, २०२३ मध्ये लहान शाळा एकत्र करून समूह शाळा करायचा प्रस्ताव आला, आणि १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या (पटावरून शिक्षकांची पदं ठरवण्याच्या) निर्णयाने सहावी ते आठवीत वीसच्या आत पट असलेल्या शाळांतल्या शिक्षकांची पदंच धोक्यात आणली.

याच वर्षांत जाब विचारायची जागाही गेली. वाशीमच्या एका याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२१ रोजी स्थानिक संस्थांतल्या ओबीसी आरक्षणाला तिहेरी चाचणी लावली : आयोगाचा अभ्यास, त्यावरून ठरलेलं प्रमाण आणि एकूण आरक्षणाला ५० टक्क्यांची मर्यादा. त्यामुळे ओबीसी जागा रद्द होऊन अकोला, वाशीम, नागपूर झेडपीत पोटनिवडणुका झाल्या, आणि बाकीच्या ठिकाणी आरक्षणाच्या वादात निवडणुका लांबल्या. मार्च २०२२ मध्ये अमरावती, यवतमाळ, बुलडाणा, वर्धा, चंद्रपूर, गडचिरोलीच्या झेडपींची मुदत संपून प्रशासक बसले. जानेवारी २०२५ मध्ये नागपूर, अकोला, वाशीमही त्याच रांगेत आले. मे २०२५ मध्ये न्यायालयाने निवडणुका चार महिन्यांत पूर्ण करायला सांगितल्या, तरी विदर्भातल्या झेडपी ५० टक्क्यांच्या वादात मागेच राहिल्या. फटका दुहेरी बसला. पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातला दहा टक्के वाटा झेडपीचा आणि दहा टक्के पंचायत समितीचा; निवडून आलेली बॉडी नाही म्हणून केंद्राने तो अडवला. आणि पूर्वी सदस्याच्या दारात जाणारा माणूस आता झेडपीच्या सीईओंच्या (मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या) केबिनबाहेर निवेदन घेऊन बसू लागला.

उरली ग्रामसभा. कोरम एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यांतला कमी आकडा. तेवढे जमत नाहीत, सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला कोरमची अट नाही. शाळेचा ठराव बऱ्याचदा अशाच सभेत पंधरा-वीस जणांसमोर होतो. शिवाय ठरावाने पैसा येत नाही. ठराव फक्त पंचायत समितीकडे पाठवता येतो.

गडचिरोलीच्या पेसा गावांची, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणाऱ्या कायद्याखालच्या गावांची, गोष्ट थोडी निराळी. तिथे २०१५ पासून आदिवासी उपयोजनेचा पाच टक्के निधी थेट पंचायतीला मिळतो आणि त्याचा आराखडा ग्रामसभा ठरवते. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाने तर ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ म्हणत बहुमताऐवजी सर्वसहमतीने निर्णय घ्यायची रीत कित्येक वर्षांपासून पाळली आहे. पण तिथल्याही झेडपी शाळेत शिक्षक किती, हे जिल्ह्याच्या संचमान्यतेतच ठरतं.