कोड फुकट म्हणजे लोगोपण फुकट? नाही हो

कुठल्याही ग्रुपवर विचारा, कोणीतरी ठोकून देतंच की सॉफ्टवेअर ओपन सोर्स (म्हणजे कोड सगळ्यांना खुला) आहे ना, मग नाव-लोगो बिनधास्त वापरा. साफ चूक. लायसन्स मिळतं ते कोडचं, ट्रेडमार्कचं, म्हणजे नाव-लोगोवरच्या हक्काचं, प्रकरण वेगळं. अपाची २.० या ओपन सोर्सवाल्या लायसन्सचं ६वं कलम उघडून बघा, तिथे सरळ लिहिलंय की ट्रेडमार्क वापरायची परवानगी यात येत नाही.

फायरफॉक्स ब्राउझरचंच घ्या. डेबियनवाले (डेबियन म्हणजे एक लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिम) त्यात स्वतःचे पॅच, म्हणजे कोडमधले छोटे बदल, मारायचे, लोगोच्या अटी पटत नव्हत्या म्हणून लोगो काढून नुसतं नाव ठेवायचे, तर २००६ मध्ये फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने सांगितलं की नाव हवं तर लोगोपण ठेवा आणि बदल आमच्याकडून मंजूर करून घ्या, नाहीतर नाव सोडा. डेबियनने नाव सोडलं! ब्राउझर जवळपास तोच, पण नाव आइसवीझल (भारी होतं खरं), आणि ते थेट २०१६ पर्यंत चाललं.

म्हणून लगेच घाबरायचंपण कारण नाही. वर्डप्रेस हे साइट बनवायचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर. 'आम्ही वर्डप्रेसच्या साइट बनवतो' असं लिहायला कोणाला विचारावं लागत नाही, ती नुसती माहिती झाली. डोमेनच्या नावात वर्डप्रेस घुसवलंत तर मात्र ते या ट्रेडमार्कची मालक असलेल्या वर्डप्रेस फाउंडेशनच्या नियमात बसत नाही. आणि फोर्क (म्हणजे तोच कोड घेऊन स्वतःची वेगळी आवृत्ती) काढताय तर आधी नाव-लोगो बदला, रिलीजचं नंतर बघू.