हाकेला ओ

“वरच्या मजल्यावर कोणीतरी शिट्टी वाजवतंय, ऐकलंस?”

या वाक्यात माहिती म्हणावी अशी काही नाही. ऐकणाऱ्याला शिट्टीशी देणंघेणंही नसतं. तरी मोबाइलमधून मान वर करून “हो की, सुरात वाजवतोय!” म्हणता येतं, ऐकलंच नाही असं दाखवता येतं किंवा “मला जरा काम करू देशील का?” असं खेकसताही येतं. जोडप्यांचा अभ्यास करणाऱ्या काही मानसशास्त्रज्ञांनी अनेक वर्षं असल्या फुटकळ क्षणांची मोजदाद केली आहे. मराठीत या क्षणांना अगदी नेमके शब्द आहेत: एकाची हाक आणि दुसऱ्याची ओ.

या मोजदादीचं श्रेय मुख्यतः जॉन गॉटमन यांचं. १९८६ मध्ये त्यांनी सिएटलमधल्या वॉशिंग्टन विद्यापीठात चक्क घरासारखी प्रयोगशाळा थाटली. तिथे जोडप्यांनी नेहमीसारखं राहायचं, गप्पा मारायच्या, वाचायचं, कंटाळायचं. भिंतीवर कॅमेरे आणि अंगावर हृदयाचे ठोके नोंदणारं यंत्र. नवविवाहितांच्या अशा नोंदी घेऊन सहा वर्षांनी त्यांची चौकशी केली गेली. गॉटमन यांनी दिलेल्या आकड्यांनुसार, जी जोडपी तोवर एकत्र होती त्यांनी जोडीदाराच्या १०० पैकी सुमारे ८६ हाकांना ओ दिली होती. ज्यांचा घटस्फोट झाला त्यांनी ३३ हाकांना. या आकड्यांतला मला आवडणारा भाग म्हणजे, सुखी जोडप्यांनीही चौदा हाका वाऱ्यावर सोडल्या होत्या!

पण थोडं सावध राहायला हवं. ‘पंधरा मिनिटांच्या संभाषणावरून घटस्फोटाचं भाकीत’ अशा मथळ्यांनी गॉटमन प्रसिद्ध झाले, तेव्हा रिचर्ड हेमन आणि एमी स्लेप या संशोधकांनी २००१ मध्ये एक अडचण दाखवून दिली. अशी सूत्रं ज्या जोडप्यांचा निकाल आधीच माहीत आहे त्यांच्यावरच बेतली, तर ती अचूक दिसणारच. तेच सूत्र नव्या जोडप्यांना लावलं की अचूकता बरीच घसरते. शिवाय ओ दिल्यामुळे नातं टिकतं, की मुळात बरं चाललेलं असतं म्हणून ओ आपसूक येते, हे निव्वळ निरीक्षणातून सांगता येत नाही. बहुधा दोन्ही खरं असावं.

हाक नेहमी दुःखाचीच असते असंही नाही. मानसशास्त्रज्ञ शेली गेबल यांनी उलटा प्रश्न विचारला: जोडीदार आनंदाची बातमी घेऊन येतो तेव्हा आपण काय करतो? “मला ती जबाबदारी मिळाली!” यावर “अरे वा! कोणी सांगितलं? नक्की काय म्हणाले?” असं विचारणारे असतात. “छान” म्हणून पुन्हा आपल्या कामात बुडणारे असतात. “झेपेल का पण तुला?” ही काळजी वाटते, प्रत्यक्षात ते विरजण असतं. आणि काही जण सरळ स्वतःचा विषय काढतात. चांगल्या नात्याशी यांतला फक्त पहिला प्रकार जुळतो. नुसतं “छान” त्यात मोडत नाही. गेबल आणि सहकाऱ्यांच्या २००६ मधल्या अभ्यासात तर, अडचणीच्या वेळच्या प्रतिसादापेक्षा आनंदाच्या वेळचा प्रतिसाद नात्याच्या तब्येतीबद्दल जास्त सांगून गेला. अडीनडीला धावून जाण्याचं कौतुक सगळेच करतात, दुसऱ्याच्या आनंदात रमण्याचं सहसा कोणी करत नाही.

ओ शब्दांतूनच यायला हवी असंही नाही. जेम्स कोन यांनी १६ विवाहित स्त्रियांना मेंदूची प्रतिमा घेणाऱ्या यंत्रात झोपवून, घोट्याला विजेचा सौम्य झटका बसू शकेल अशी धास्ती दिली. नवऱ्याचा हात हातात असताना मेंदूतला धोक्याचा गलबला सर्वांत जास्त शमला, अनोळखी माणसाच्या हातानं थोडाच. त्यातही नातं जितकं चांगलं, तितका नवऱ्याच्या हाताचा गुण जास्त. उलट बाजूही आहे. ओहायोमध्ये जॅनिस कीकोल्ट-ग्लेझर यांनी ४२ जोडप्यांच्या त्वचेवर बारीक फोड मुद्दाम उठवून ते भरण्याचा वेग मोजला. एकमेकांशी जास्त कडवटपणे वागणाऱ्या जोडप्यांच्या जखमा इतरांच्या सुमारे ६० टक्के वेगानेच भरल्या.

मग भांडण पेटलेलं असताना काय करायचं? तेव्हा ओ देणं शरीरालाच जड जातं. हृदयाचे ठोके मिनिटाला शंभराच्या वर गेले की समोरचा काय बोलतोय हे नीट कानात शिरत नाही. गॉटमन यांच्या प्रयोगशाळेत भांडण मध्येच थांबवून जोडप्यांना अर्धा तास मासिकं वाचायला दिली. परत बोलायला बसल्यावर ठोके उतरलेले होते आणि बोलणंही निवळलेलं होतं. फक्त त्या अर्ध्या तासात मनातल्या मनात पुढचं वाक्य पाजळत बसायचं नाही. ते केलं तर ठोके खाली येतच नाहीत.

कारण आणि परिणाम यांचा गुंता सोडवायचा तर चिठ्ठ्या टाकून गट पाडावे लागतात. एली फिंकेल आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ते केलं. १२० विवाहित जोडपी दोन वर्षं अभ्यासली. पहिल्या वर्षी दोन्ही गटांत समाधान हळूहळू उतरत गेलं. लग्नात ते सहसा उतरतंच. दुसऱ्या वर्षी एका गटाला दर चार महिन्यांनी सात मिनिटं लिहायला सांगितलं, म्हणजे वर्षाला २१ मिनिटं. विषय होता अलीकडचं भांडण, पण दोघांचंही भलं चिंतणाऱ्या त्रयस्थाला ते कसं दिसेल, या नजरेतून. या गटातली उतरण थांबली, दुसऱ्या गटात ती चालूच राहिली. आणि गंमत म्हणजे लिहिणारी जोडपी भांडत होती इतरांइतकीच, तितक्याच जोरात. त्या भांडणांचा त्रास मात्र त्यांना कमी होत होता.