प्रतिजन-उद्दीपनाचे गणितीय प्रारूप

प्रतिजन, म्हणजे प्रतिकारयंत्रणा ओळखते तो पदार्थ, समोर आल्यावर मानवी प्रतिकारपेशी केव्हा आणि किती जोमाने जागी होते, याची समीकरणांतील मांडणी. जीवशास्त्रात असे गणित गोमंतकीयांना परके वाटू नये. गोव्यात जन्मलेले गणितज्ञ दा. ध. कोसंबी यांचे जनुकांमधील अंतराचे सूत्र १९४४ पासून आनुवंशिकीत वापरात आहे.

टी पेशी या प्रतिकारपेशीला अख्खा विषाणू दिसत नाही. दुसऱ्या पेशीने आपल्या पृष्ठभागावरच्या एमएचसी नावाच्या रेणूच्या खोबणीत मांडलेला त्याचा तुकडा, म्हणजे पेप्टाइड, तेवढे तिच्या ग्राहीला, म्हणजे ओळख पटवणाऱ्या रेणूला, चिकटते. पंचाईत अशी, की त्याच पेशीवर शरीराची स्वतःची पेप्टाइडे हजारोंनी असतात आणि परकी कधी दहाच्याही आत. परके दहा सेकंद चिकटले आणि आपले एकच सेकंद, तरी फरक दहापटच. एवढ्या गर्दीत तो बुडून जातो.

यावरचा तोडगा म्हणजे गतिज पडताळणी. जॉन हॉपफील्ड यांनी ती १९७४ मध्ये प्रथिननिर्मितीतील अचूकतेसंदर्भात मांडली. टिमथी मॅककीथन यांनी १९९५ मध्ये टी पेशीला लावली. म्हापशाच्या बाजारात बांगडा घेणारी बाई आधी डोळा बघते, मग कल्ला उचलते, मग बोटाने दाबते. मध्येच मासा हातातून निसटला की पुढचा घेऊन पुन्हा डोळ्यापासून सुरुवात. ग्राहीवरही पेप्टाइड टिकून असेपर्यंत एकेक रासायनिक टप्पा, मुख्यतः फॉस्फेट जोडण्याचा, पार पडतो. सुटले की सगळे पुसले जाते. बाई पारख करते, ग्राही मात्र फक्त वेळ मोजतो.

टप्प्याचा वेग व, सुटण्याचा वेग स आणि टप्पे न असतील, तर संकेत पूर्ण होण्याची शक्यता म्हणजे व/(व+स) या अपूर्णांकाचा न-वा घात. व सेकंदाला १ धरू. स परक्यासाठी ०.१ (दहा सेकंद टिकते), आपल्यासाठी १ (एक सेकंद). पाच टप्प्यांत परक्याची शक्यता सुमारे ०.६२, आपल्याची ०.०३, दहापटीचा फरक वीसपट झाला. दहा टप्प्यांत तो ३९५ पटींच्या घरात जातो, पण परक्याची शक्यताही ०.३९ वर उतरते. अचूकतेची किंमत संवेदनक्षमतेत मोजावी लागते.

प्रारूपाची खरी अडचण स या आकड्यात आहे. तो बहुधा द्रावणातल्या सुट्या रेणूंवर मोजतात. शरीरात पेशी सरकतात, एकमेकींना ओढतात, आणि काही बंध ओढल्यावर तुटण्याऐवजी अधिक वेळ टिकतात.