मांजराची ये-जा आणि कवेलूचं घर

घरातलं मांजर बाहेर सोडावं की आतच ठेवावं, हा प्रश्न विदर्भातल्या खेड्यांत आता ऐकू येऊ लागलाय. दोन पिढ्यांमागे तो कोणाला पडलाच नसता. मांजर कोणी सोडत नव्हतं, कोणी कोंडतही नव्हतं. हा मोकळेपणा कुठून आला आणि का आटत चाललाय, हे समजायचं तर धान्याचा माग काढावा लागतो.

माणसाची आणि मांजराची गाठ धान्यानेच घातली. पश्चिम आशियात सुमारे 10 हजार वर्षांपूर्वी शेती रुजली, कोठारं भरली, उंदीर आले आणि उंदरांमागे तिथलं रानमांजर आलं. सायप्रस बेटावर माणसाच्या शेजारी पुरलेलं एक मांजर सापडलं, ते सुमारे 9500 वर्षांपूर्वीचं. बैलाला वेसण घालावी लागली, मांजराला काहीच शिकवावं लागलं नाही. ते स्वतःच्या पोटासाठी जे करत होतं, तेच माणसाला हवं होतं. आपल्याकडे कौटिल्याच्या अर्थशास्त्रात उंदरांचा उपद्रव वाढला की मांजरं आणि मुंगसं मोकळी सोडावीत असं सांगितलंय, आणि त्यांना पकडणाऱ्याला किंवा मारणाऱ्याला 12 पणांचा (पण म्हणजे तेव्हाचं नाणं) दंडही. खेड्यात हाच धाक वेगळ्या रूपात टिकला. मांजर मारलं तर काशीला सोन्याचं मांजर दान द्यावं लागतं, हे लहानपणी न ऐकलेला माणूस आपल्याकडे विरळा.

पश्चिमेकडचं वऱ्हाड ज्वारीचं आणि पूर्व विदर्भातली झाडीपट्टी धानाची. वर्षभराचं धान्य घरातच असायचं: जमिनीतल्या पेवात, कणगीत, ढोलीत. शेजारी कोठ्यात म्हणजे गोठ्यात जनावरं, कुटार नाहीतर तणस अशा वाळल्या चाऱ्याचा ढीग. म्हणजे उंदीर-घुशींना बारमाही सुगी. आणि घरंही अशी, की मांजराला दार लागायचंच नाही. मातीच्या भिंतीचा माथा आणि छपराचे वासे यांच्यामध्ये हातभर फट असे. मांजर कुटाराच्या ढिगावरून छपरावर चढायचं, फटीतून माळ्यावर उतरायचं, माळ्यावरून कणगीच्या झाकणावर. जाता-येता छपराचे कवेलू, म्हणजे कौलं, सरकायचे. मृगाआधी घर फेरून, म्हणजे कवेलू नीट लावून, घेतलेलं असलं तरी पहिल्याच पावसात कुठेतरी धार लागायची आणि घरातली म्हातारी मांजराच्या नावाने बोटं मोडायची. पण ती फट बुजवायचं कोणाच्या मनात यायचं नाही. दूध-लोणी शिंक्यावर टांगलं की झालं. मांजरीण पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात. ती कोणत्याही घरी पिल्लं घेऊन आली तरी तिथली बाई कोपऱ्यात गोणपाट टाकायचीच. मांजर एका घराचं नव्हतं, आळीचं होतं.

या मोकळ्या मांजराची सरकारदरबारीही एकदा कदर झाली, आणि तीही आपल्या अमरावतीत. 1896 साली मुंबईत आलेला प्लेग पुढे नागपूर-वऱ्हाडातही पोचला. अमरावतीचे सिव्हिल सर्जन लेफ्टनंट कर्नल अँड्र्यू ब्युकॅनन यांनी 1908 मध्ये मांजर हे प्लेगला रोखणारं जनावर आहे, असं वैद्यकीय नियतकालिकांत मांडलं. ज्या गावांत मांजरं भरपूर, तिथे प्लेगला थारा कमी, असं त्यांचं निरीक्षण होतं. मांजरालाही प्लेग होतो आणि त्याच्यापासून माणसाला लागू शकतो, हे आज पक्कं माहीत आहे, त्यामुळे तो उपाय आता कोणी सुचवणार नाही. पण गावागावांतली मांजरं आणि आजार यांची सांगड घालून पाहणारा तो डॉक्टर मला फार मोलाचा वाटतो.

चित्र पालटलं ते गेल्या चाळीसेक वर्षांत. सोयाबीन आलं, ज्वारी मागे पडली. पेवं बुजली. सोयाबीन थेट बाजार समितीत जातं आणि खायचं धान्य रेशनच्या दुकानातून येतं. घरात साठाच नाही, तर मांजराचं कामही उरलं नाही. मग घर बदललं. 2016 पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या घरकुलाला किमान 25 चौरस मीटर जागा असते. वर स्लॅब, लोखंडी दार, खिडकीला जाळी. छत पक्कं झालं, पावसाळा सुखाचा झाला, हे चांगलंच. पण ती फट गेली, आणि मांजराला आत-बाहेर करायला माणसाच्या हाताची गरज पडू लागली.

घरातच ठेवायचं मांजर ही शहराकडून आलेली रीत, आणि तिचं मूळ अमेरिकेत. 1947 मध्ये मिशिगनमधल्या एडवर्ड लो यांनी शोषक माती मांजराच्या शी-शूसाठी विकायला काढली आणि बंद घरात मांजर पाळणं सोपं झालं. मोकळं मांजर किती जीव मारतं, याचा हिशेबही तिकडूनच आला: 2013 च्या एका अभ्यासानुसार अमेरिकेत वर्षाला 130 ते 400 कोटी पक्षी.

तो आकडा जसाच्या तसा आपल्या वावराला लावू नये, पण हसण्यावारीही नेऊ नये. आपल्या जंगलालगत वाघाटी राहते, जेमतेम दीड किलोची, जगातल्या सर्वांत लहान रानमांजरांपैकी एक. गावच्या बोक्यांशी तिचा संकर होण्याची भीती अभ्यासकांना वाटते. उलट मांजरालाही धोके वाढलेत: भरधाव गाड्या, मोकाट कुत्री, बिबट्या, आणि ब्रोमाडिओलोनसारखं उंदीर मारायचं औषध खाल्लेला उंदीर.

म्हणून माझं मत असं. मांजराचं बाहेर जाणं तोडू नये; पण रेबीजची लस टोचून घ्यावी, नसबंदी करावी आणि रात्री आत घ्यावं. घरकुल बांधतानाच गवंड्याला मागच्या भिंतीत वीतभर चौकोन ठेवायला सांगावं, दिवसभर उघडा राहील आणि दिवेलागणीला आतून फळी लावता येईल असा.