भाला हवेवर का तरंगतो?

४५ अंशांत फेकलेली वस्तू सर्वांत लांब जाते, हे शाळेत शिकलेलं वाक्य भालाफेक पाहतानाही अनेकांच्या मनात असतं. निर्वात पोकळीत ते खरं आहे. भाला मात्र हवेतून जातो. शिवाय हात जितका वर रोखावा तितका फेकीचा वेग घटतो. म्हणून कसलेले खेळाडू तो साधारण ३० ते ४० अंशांत सोडतात.

हवेचं काम इथे फार सुंदर आहे. भाल्याचं टोक त्याच्या वाटेपेक्षा किंचित वर असलं की खालून येणारी हवा त्याला उचलते. ही उचल जिथे एकवटल्यासारखी वागते, तो दाबमध्य. वजन एकवटतं तो गुरुत्वमध्य. दाबमध्य मागे असेल तर उचल शेपटीला वर ढकलते आणि टोक खाली येतं. दोन्ही बिंदू जवळजवळ एकाच जागी आले, तर टोक वळवणारं बल उरत नाही आणि भाला बराच वेळ तरंगत राहतो. त्यात भर म्हणजे भाल्याचा तिरकेपणा बदलला की दाबमध्यही सरकतो. तेव्हा हा तोल उड्डाणाच्या प्रत्येक क्षणी नव्याने ठरतो.

अमेरिकेच्या बड हेल्डने नेमका हाच तोल पकडला. भाऊ डिकच्या साथीने त्याने पोकळ, जाडसर भाला घडवला: वजन तेच, पण हवेला भिडणारा पृष्ठभाग जास्त. १९३८ पासून ७८.७० मीटरवर अडलेला विश्वविक्रम त्याने ८ ऑगस्ट १९५३ रोजी पॅसाडेनात ८०.४१ मीटरवर नेला. तीनच वर्षांनी मेलबर्न ऑलिंपिकमध्ये नॉर्वेच्या एगिल डॅनियलसनने पोलादी भाला ८५.७१ मीटर फेकला.

१९८४ मध्ये पूर्व जर्मनीच्या उवे होनचा भाला १०४.८० मीटरवर पडला. मैदान अपुरं पडू लागलं. शिवाय भाले आडवे उतरत, त्यामुळे टोक आधी टेकलं की नाही यावर वाद होत. म्हणून १९८६ मध्ये पुरुषांच्या भाल्याचा गुरुत्वमध्य चार सेंटिमीटर पुढे सरकवला गेला. आता दाबमध्य मागेच राहतो आणि टोक लवकर झुकतं. खेळाडूंना चुंबकी कडी नि मंतरलेले गंडे विकणाऱ्यांनी हे चार सेंटिमीटर जरूर पाहावेत. अंतर खरोखर बदलतं ते अशा गोष्टींनी.

नव्या भाल्याचा विक्रम त्याच वर्षी पश्चिम जर्मनीच्या क्लाउस टाफेलमायरने नोंदवला: ८५.७४ मीटर. डॅनियलसनच्या तीस वर्षांपूर्वीच्या फेकीपेक्षा तीन सेंटिमीटर जास्त.