एनएसटीची चिठ्ठी मिळाली? येण्याआधी हे वाचा

सातवा-आठवा महिना उलटला की एखाद्या दिवशी डॉक्टर चिठ्ठीवर ‘एनएसटी करून या’ असं लिहितात आणि घरी जाईपर्यंत कुणी काही बोलत नाही. बाळाला काहीतरी झालंय, असंच सगळ्यांच्या मनात येतं. आमच्या प्रसूतिगृहात असे चेहरे रोज दिसतात, म्हणून हे पत्रक छापलं. वाचून झालं की आईला, सासूबाईंना आणि मालकांनाही द्या. पलंगाशेजारी उभं राहून जास्त प्रश्न तेच विचारतात.

एनएसटी, म्हणजे नॉन-स्ट्रेस टेस्ट, ही पोटावर पट्टे बांधून बाळाच्या ठोक्यांचा आलेख काढायची तपासणी. ती एवढंच विचारते : बाळाला आत्ता, या घडीला, प्राणवायू नीट मिळतोय का? बाळात व्यंग आहे का, वजन किती, नाळ गळ्याभोवती आहे का, बाळंतपण नॉर्मल होईल की सिझर, यातलं ती काही सांगत नाही.

प्रत्येकीला ती लागतही नाही. सगळं सुरळीत असेल आणि बाळ रोजच्यासारखं हलत असेल, तर दिवस भरेपर्यंत एकही एनएसटी न होणं हे चांगलंच लक्षण आहे. ‘शेजारच्या वहिनींची तीनदा झाली, आमची का नाही?’ असं विचारत कुणी चिठ्ठीविना आलं, तर आम्ही आधी बाळाच्या हालचाली विचारतो. त्या नेहमीसारख्या असतील तर डॉक्टरांशी बोलून घरी पाठवतो. तपासणी लिहिली जाते ती बीपी वाढलेलं असेल, साखर असेल, बाळाची वाढ कमी असेल, गर्भजल कमी असेल, जुळी असतील, अंगाला खाज सुटून काविळीसारखा त्रास झाला असेल, आधीचं बाळ पोटात गेलं असेल किंवा दिवस उलटून ४१वा आठवडा लागला असेल तेव्हा. साधारण ३२व्या आठवड्यापासून आठवड्याला एकदा, जोखीम जास्त असेल तर दोनदा. हालचाल कमी वाटली, तर वार-तारीख काही पाहायची नाही. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

येताना

उपाशी येऊ नका. ही रक्ततपासणी नाही. पोळीभाजी, पोहे, जे रोजचं असेल ते खाऊन या. मुद्दाम गोड खाऊन बाळाला ‘जागं’ करायची गरज नाही. साखर दिल्याने तपासणी चांगली येते, असं संशोधनात दिसलेलं नाही, आणि साखरेचा त्रास असलेल्या बाईला तो पेढा महागात पडतो.

लघवीला जाऊन या, कारण वीस मिनिटांची तपासणी चाळीस मिनिटं चालू शकते. कमरेला सैल असे कपडे घाला. आणि फाइल आणा! पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेल्या लेकींची फाइल हमखास सासरी राहते. निदान जुन्या सोनोग्राफीच्या रिपोर्टचे फोटो मोबाइलवर मागवून ठेवा. नक्की कितवा आठवडा चालू आहे, हे पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीवरून सर्वांत नीट कळतं, आणि आलेख वाचताना आठवडा महत्त्वाचा असतो.

चालू गोळ्या सांगा. झोपेच्या आणि बीपीच्या काही गोळ्यांनी बाळाचा आलेख मंद दिसतो. बाळाची फुप्फुसं पक्की व्हावीत म्हणून स्टिरॉइडची इंजेक्शनं नुकतीच झाली असतील, तर काही दिवस तसंच होतं. मिश्री लावत असाल तर तेही सिस्टरला हळूच सांगा. मिश्री म्हणजे तंबाखूच. कुणी रागावणार नाही.

पलंगावर

पूर्ण उताणं झोपवत नाही. उताण्या स्थितीत पोटाचं वजन मागच्या मोठ्या शिरेवर पडतं, चक्कर येते आणि बाळाकडचं रक्तही कमी होतं. म्हणून उशी लावून अर्धवट बसतं, थोडं डाव्या कुशीवर. पोटावर दोन पट्टे बांधतात. एकाखाली गार जेल लावलेली चकती असते, ती बाळाचे ठोके टिपते. दुसरी चकती पोट कडक होतंय का ते पाहते. सुई नाही, दुखत नाही, एक्स-रे नाही. हातात एक बटण देतात. बाळ हललं असं वाटलं की दाबायचं. एवढंच तुमचं काम.

मग घोडा दौडत यावा तसा आवाज सुरू होतो. तो ऐकून बऱ्याच जणींना रडू येतं. येऊ द्या.

मशीनवरचे आकडे पाहत बसू नका असं आम्ही सांगतो आणि सगळे तेच पाहतात, तेव्हा समजूनच घ्या. डावीकडचा आकडा बाळाच्या ठोक्यांचा. मिनिटाला ११० ते १६० ही नेहमीची पातळी. मोठ्या माणसाच्या मानाने हे फार वाटतं, पण बाळाचं हृदय तसंच धावतं. आकडा सतत खाली-वर होतो आणि तो व्हायलाच हवा. सरळ रेघ उलट आम्हाला आवडत नाही. मध्येच आकडा गायब झाला, तर बहुतेक वेळा पट्टा सरकलेला असतो किंवा बाळ कूस बदलून निघून गेलेलं असतं. कधी मशीन चुकून आईचीच नाडी पकडतं आणि पडद्यावर ८५ दिसतं. अशा वेळी सिस्टर तुमच्या मनगटाची नाडी पाहून खात्री करते. उजवीकडचा आकडा पोटाच्या कडकपणाचा. तो ९० वर गेला म्हणजे कळा ९० टक्के झाल्या, असं काही नाही. पट्टा किती घट्ट आहे त्यावरही तो बदलतो.

कुणीतरी हळूच विचारतं, ‘ठोके दीडशे आहेत, म्हणजे मुलगी का?’ ठोक्यांवरून मुलगा-मुलगी कळत नाही. कळलं असतं तरी विचारणं आणि सांगणं हे दोन्ही १९९४च्या कायद्याने गुन्हे आहेत. महाराष्ट्राने तर त्याच्याही आधी, १९८८ मध्ये, स्वतःचा कायदा केला होता. सोनोग्राफीच्या वेळी आम्ही एफ फॉर्म भरून सही घेतो तो यासाठीच.

कागदावर काय येतं

आमच्या मशीनचा कागद मिनिटाला एक सेंटिमीटर सरकतो. वीस मिनिटांचा आलेख म्हणजे जवळजवळ वीतभर कागद. त्यात डॉक्टर मुख्यतः ठोक्यांच्या उड्या शोधतात. बाळ हललं की ठोके किमान १५ ने वाढून किमान १५ सेकंद वर राहिले पाहिजेत. ३२ आठवड्यांच्या आत १० ठोके आणि १० सेकंद पुरतात. वीस मिनिटांत अशा दोन उड्या दिसल्या आणि बाकी आलेख ठीक असला, की ‘रिअ‍ॅक्टिव्ह’ लिहितात. आपण जिना चढलो की छाती धडधडते ना, तसंच बाळाचं. ज्याला प्राणवायू पुरेसा मिळतोय, त्याचं हृदय हालचालीला असा प्रतिसाद देतं.

‘नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह’ हा शब्द वाचून मात्र घाबरू नका. बहुतेक वेळा त्याचा अर्थ बाळ झोपलंय. पोटातली झोप वीस ते चाळीस मिनिटांच्या डुलक्यांची असते. आम्ही वेळ वाढवतो, कुशीवर वळवतो, पोटावर खास यंत्र टेकवून मोठा आवाज देतो. दचकून उठलं तर चांगलंच. तरीही उड्या दिसल्या नाहीत तर पुढची तपासणी होते, आणि त्यातही निम्म्याहून अधिक बाळं ठीक निघतात. नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह म्हणजे लगेच सिझर, असं गणित नाही. ठोके वारंवार खोल उतरत असतील तर गोष्ट वेगळी. तेव्हा डॉक्टर तिथेच बोलावून घेतील आणि निर्णय पटकन होईल.

पुढची तपासणी म्हणजे बायोफिजिकल प्रोफाइल. डॉ. फ्रँक मॅनिंग आणि सहकाऱ्यांनी ती १९८० मध्ये मांडली. सोनोग्राफीवर अर्ध्या तासापर्यंत बाळाच्या चार गोष्टी पाहतात : छातीची श्वासासारखी हालचाल, अंगाची हालचाल, हातपाय दुमडणं-ताणणं आणि गर्भजल. पाचवी गोष्ट एनएसटी. प्रत्येकाला दोन किंवा शून्य गुण. ८ किंवा १० म्हणजे बरं, फक्त पाणी कमी नसावं. ६ असेल तर थोड्या वेळाने पुन्हा पाहायचं किंवा आठवडे भरले असतील तर बाळंतपणाचा विचार करायचा. ४ किंवा कमी म्हणजे थांबायचं नाही.

रिपोर्टमधला ‘एएफआय’ हा आकडा पाण्याचा. पोटाच्या चार भागांतल्या पाण्याची खोली मोजून बेरीज करतात. ५ ते २४ सेंटिमीटर नेहमीचं. ८ आला म्हणून घरात शहाळ्यांची रास लावू नका, पाणी मात्र भरपूर प्या. आणि कलर डॉपलर म्हणजे बाळाचा रंगीत फोटो नव्हे. नाळेतून रक्त किती सहज वाहतंय ते त्यात कळतं, विशेषतः बाळाची वाढ कमी असेल तेव्हा.

थर्मल कागदावरचा आलेख काही महिन्यांत फिका पडतो. त्याच दिवशी मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

चांगला रिपोर्ट किती दिवस पुरतो?

बाकी सगळं विसरलात तरी हे लक्षात ठेवा. रिअ‍ॅक्टिव्ह आलेख खूपच भरवशाचा आहे. त्यानंतरच्या आठवड्यात बाळ पोटात दगावण्याचं प्रमाण हजारात दोनहूनही कमी असतं. पण तो त्या दिवसाचा रिपोर्ट. काल रिअ‍ॅक्टिव्ह आली आणि आज बाळ गप्प आहे, तर आजचं खरं. ‘कालच तर केली’ म्हणून घरी बसलेल्या बायका आम्हाला माहीत आहेत. संकोच वाटतो, सिस्टर चिडेल असं वाटतं, एवढंच कारण असतं.

जेवणानंतर डाव्या कुशीवर पडून बाळाच्या हालचाली मोजा. लाथ, ढुशी, वळणं सगळं धरा, उचक्या सोडून. दोन तासांत दहा व्हायला हव्यात. बहुतेक बाळं त्याच्या फार आधी दहा पुऱ्या करतात. आकड्यापेक्षा तुमच्या बाळाची सवय महत्त्वाची. रोज रात्री धिंगाणा घालणारं बाळ आज गप्प असेल तर ते ‘कमी’च. नववा महिना लागला की जागा कमी होते आणि बाळ हलायचं थांबतं, असं घरातली जुनी मंडळी सांगतात. त्यांना आदराने नमस्कार करा आणि ऐकू नका. हालचालीचा ढंग बदलतो, लाथांऐवजी ढुश्या-वळणं वाटतात, पण हालचाल कमी होत नाही.

ऑनलाइन मिळणारं ठोके ऐकायचं यंत्र घेऊन घरी समाधान मानू नका. ठोके ऐकू येणं आणि बाळ सुखात असणं यांत फरक आहे, आणि बऱ्याचदा त्यात आईचीच नाडी ऐकू येते.

हालचाल कमी झाली, पाणी गेलं, अंगावरून रक्त गेलं, डोकं खूप दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, यातलं काहीही झालं तर चिठ्ठी नसली तरी या. रात्री शटर अर्धं खाली असतं, पण डावीकडे बेल आहे आणि सिस्टर वरच झोपते. आम्ही लांब पडत असू तर जे रुग्णालय जवळ असेल तिथे जा, गाडी नसेल तर १०८ ला फोन करा. जाताना फाइल बरोबर घ्या.